रॅडक्लिफ विज्ञान ग्रंथालय: वाढ की पांगापांग?

कोनाडा (धागाकर्ता):
ऑक्सफर्ड विद्यापीठाचे रॅडक्लिफ विज्ञान ग्रंथालय नूतनीकरणानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडले. आता त्याच छताखाली रूबेन कॉलेजही नांदते, आणि छापील संग्रहातील बरेचसे साहित्य स्विंडनजवळच्या ग्रंथभांडारात असते. याला ग्रंथालयाची पीछेहाट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १७१४ मध्ये वारलेले डॉक्टर जॉन रॅडक्लिफ यांनी ग्रंथालयासाठी ४०,००० पौंड ठेवले होते. त्यातून जेम्स गिब्ज यांनी १७३७ ते १७४९ या काळात ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ ही घुमटाची वास्तू उभारली. ती देखणी आहे, यात वाद नाही. पण तळमजल्याला उघड्या कमानी, पुस्तके वरच्या मजल्यावर आणि भोवती वर्तुळाकार भिंत, अशा वास्तूला नवी खोली जोडायची तरी कुठून? पुढे हा संग्रह वैद्यक आणि निसर्गविज्ञान यांकडे वळला आणि १८६१ मध्ये ग्रंथपाल हेन्री ॲकलंड यांच्या पुढाकाराने विद्यापीठाच्या नव्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. तिथेही जागा अपुरी पडली, तेव्हा ड्रेपर्स कंपनी या लंडनच्या जुन्या कापड-व्यापारी संघाच्या देणगीतून शेजारीच टी. जी. जॅक्सन यांनी बांधलेली स्वतंत्र इमारत १९०१ मध्ये सुरू झाली. तिला १९३४ मध्ये वास्तुकार वर्दिंग्टन यांनी आणखी एक बाजू जोडली, आणि १९७०च्या दशकात संग्रहालयाच्या हिरवळीखाली तळघर झाले. घुमटाला जे जमले नाही ते या साध्या इमारतीला जमले. २०२३चा बदल हा त्याच मालिकेतील पुढचा टप्पा आहे, असे माझे मत आहे.

फडताळ:
आपला इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. घुमटाला वाढता आले नाही, हे पहिले विधानच तपासून पाहावे. रॅडक्लिफ चौकाखाली १९१२ मध्ये भूमिगत ग्रंथभांडार पूर्ण झाले आणि त्यात ग्लॅडस्टन यांच्या कल्पनेनुसार सरकती कपाटे बसवली गेली. (होय, ब्रिटनचे पंतप्रधान झालेले तेच ग्लॅडस्टन, पुस्तके कमी जागेत कशी मावतील याचा ध्यास त्यांना होता.) म्हणजे वर्तुळाकार वास्तूलाही जमिनीखाली वाट सापडली. मुख्य आक्षेप वेगळाच आहे. १८६१चे स्थलांतर केवळ जागेच्या अडचणीमुळे झाले नव्हते. ज्या छताखाली प्राण्यांचे सांगाडे, खनिजे आणि व्याख्यानांचे वर्ग आहेत त्याच छताखाली त्यांविषयीचे ग्रंथ असावेत, ही त्यामागची कल्पना होती. जॅक्सन यांनीही इमारत संग्रहालयाला लागूनच बांधली. नमुना आणि ग्रंथ यांचा शेजार हाच या रचनेचा प्राण असेल, तर ग्रंथ दुसऱ्या गावाच्या वेशीवर नेऊन ठेवण्याला वाढ म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

बोरू:
मी वर्गीकरणशास्त्राच्या, म्हणजे सजीवांच्या जाती ओळखून त्यांना नावे देण्याच्या शास्त्राच्या, बाजूने बोलतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभबिंदू १७५८ मानला जातो, तर वनस्पतींसाठी सर्वसाधारणपणे १७५३. एखाद्या जातीला आधी कोणी नाव दिले हे ठरवताना अडीचशे वर्षांपूर्वीचा मजकूरही आजच्या कामाचा ठरतो. भौतिकशास्त्राचा अभ्यासक वीस वर्षांपूर्वीच्या नियतकालिकाकडे क्वचितच वळत असेल. आमचे तसे नाही. ‘विज्ञानाला जुनी पुस्तके लागत नाहीत’ हे वाक्य सर्व विज्ञानांना एका मापाने मोजते.

कोनाडा:
ते वाक्य मी लिहिलेले नाही, तरीही मुद्दा मान्य आहे. मात्र ज्या जुन्या साहित्याविषयी आपण बोलता, त्यातील पुष्कळसे स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर असल्याने जैवविविधता वारसा ग्रंथालयासारख्या, जुने ग्रंथ स्कॅन करून महाजालावर ठेवणाऱ्या प्रकल्पांतून कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्यासाठी ऑक्सफर्डला जाण्याचीही गरज नाही. फडताळ यांच्या शेजाराच्या मुद्द्याला माझे उत्तर असे की, १८६१ मध्ये ग्रंथ दूर असणे म्हणजे तो न मिळणे होते, आज भांडारातला ग्रंथ मागवता येतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच नियमांपैकी पाचव्यानुसार ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. तिने वाढायचे आहे, पण ते कपाटांच्याच संख्येत वाढावे असे त्या नियमात म्हटलेले नाही.

फडताळ:
रंगनाथन यांचा आधार घेतलाच आहे, तर चौथा नियमही पाहावा: वाचकाचा वेळ वाचवा. ज्याला हव्या त्या ग्रंथाचे नाव ठाऊक आहे त्याला मागणीपत्र पुरते, पण शेजारच्या फळीवर काय आहे हे जो पाहू इच्छितो त्याने काय मागावे? आणि छायाप्रतींविषयी एक व्यावहारिक अडचण. घाऊक प्रमाणात स्कॅन करताना घडी घातलेली मोठी चित्रपाने अनेकदा न उलगडताच पुढे ढकलली जातात, आणि हाताने रंगवलेल्या चित्रांचे रंग पडद्यागणिक बदलतात. एखाद्या कीटकाच्या पंखावरील ठिपका तपकिरी की तांबूस यावर जातीची ओळख अवलंबून असते, तेव्हा मूळ पान आणि टाचणीला टोचलेला नमुना एकाच टेबलावर हवा असतो. तळघर खणण्याइतका खर्च १९७०च्या दशकात ज्यांना रास्त वाटला, त्यांना हे ठाऊक होते.

कोनाडा:
चित्रपानांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. असे सचित्र ग्रंथ तळघरातच राहावेत याला माझी हरकत नाही. नियतकालिकांचे बांधीव खंड दूरच्या भांडारात ठेवावेत, हे माझे मत मात्र कायम आहे.