‘सॉफ्ट लाइट’ला मराठीत काय म्हणावं : मंद, सौम्य, विसरित की मऊ?

प्रश्न : पोर्ट्रेटच्या प्रकाशयोजनेवर मराठीत टिपण लिहायचं आहे. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर बसवायची, तोंडाला पांढरं कापड असलेली पेटी), ऑक्टाबॉक्स (तिचाच अष्टकोनी प्रकार), स्पीड रिंग (ती पेटी फ्लॅशला जोडणारी कडी) हे शब्द तसेच ठेवतोय. अडलंय ते ‘सॉफ्ट लाइट’पाशी. ‘मंद प्रकाश’ चालेल का? आणि ‘फॉलऑफ’ (अंतराबरोबर प्रकाश कमी होत जाणं), ‘फेदर करणं’ (प्रकाशाची फक्त कड चेहऱ्यावर येऊ देणं) यांना काय म्हणता येईल?

पहिला प्रतिसाद : ‘मंद’ नकोच, आणि त्याच कारणाने ‘सौम्य’ही नको. दोन्ही शब्द तेज कमी असल्याचं सांगतात. निरांजनाचा उजेड मंद असतो, तरी भिंतीवर पडणारी सावली रेखीव असते. सॉफ्ट लाइटचा संबंध सावलीच्या कडेशी आहे. नाकाची सावली गालावर नेमकी कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता आलं तर प्रकाश कडक, नाही दाखवता आलं तर मऊ. ग्रहणामुळे आपल्या ओळखीचा झालेला ‘उपच्छाया’ (गडद सावलीच्या कडेची फिकट सावली) हा शब्द इथे चपखल बसतो : उपच्छाया जितकी रुंद, तितका प्रकाश मऊ.

शब्द चुकला की हातही चुकतो. ‘मंद’ वाचलेला माणूस चेहरा भडक दिसला की बॉक्स मागे नेतो. ९० सेंमीचा ऑक्टाबॉक्स चेहऱ्यापासून ९० सेंमीवर असताना साधारण ५३ अंशांचा कोन व्यापतो. तोच ३ मीटरवर नेला तर जेमतेम १७. प्रकाश मंद झाला खरा, पण चेहऱ्याकडून बॉक्स लहान दिसू लागल्याने कडकही झाला. बॉक्स जागेवर ठेवून फ्लॅशची पॉवर उतरवायची. १/४ वरून १/१६ केली की २ स्टॉप कमी होतात (एक स्टॉप उतरणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं), सावलीची कड मात्र तशीच राहते.

दुसरा प्रतिसाद : मग शास्त्रीय लेखनातला ‘विसरित’ (सगळ्या दिशांना पसरलेला) का नको? कापडातून प्रकाश विसरतोच की.

पहिला प्रतिसाद : विसरतो, पण तेवढ्याने मऊ होत नाही. स्पीडलाइटच्या (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशच्या) तोंडावर प्लॅस्टिकची पांढरी टोपी घालून मोकळ्या मैदानात फोटो काढा. प्रकाश विसरित असेल, सावली मात्र कडकच येईल, कारण प्रकाश देणारा पृष्ठभाग तेवढाच लहान राहिला. खोलीत तीच टोपी चालते ती पांढऱ्या भिंती आणि छतामुळे. कापडाचं काम उजेड मोठ्या पृष्ठभागावर सारखा पसरवणं. म्हणून कापडाविषयी ‘विसरक’ म्हणा, परिणामाला ‘मऊ’.

तिसरा प्रतिसाद : ‘मऊ’ला अनुमोदन. कापडाचा विषय निघालाच आहे म्हणून : बॉक्समधला आतला पडदा बरेच जण लावतच नाहीत. मग मधला भाग भडक, कडा काळपट, आणि ९० सेंमीचा बॉक्स त्याहून बराच लहान असल्यासारखा वागतो. पारखायचं असेल तर चेहऱ्याच्या जागी स्टीलचं ताट धरा आणि त्यात बॉक्सचं प्रतिबिंब बघा. मध्ये पांढरा गोळा दिसला तर पडदा लावा, स्पीडलाइट असेल तर त्याचा झूम २४ मिमीवर आणा, म्हणजे उजेड रुंद पसरेल.

‘फॉलऑफ’ला ‘उतार’ म्हणावं. बॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पार्श्वभूमी चेहऱ्याच्या १ मीटर मागे असेल, तर तिला चौथा हिस्सा प्रकाश मिळतो, म्हणजे २ स्टॉपचा उतार. बॉक्स अडीच मीटरवर नेला की उतार जेमतेम १ स्टॉप. पार्श्वभूमीचा राखाडी पडदा फोटोत काळा हवा की राखाडीच, हे असं ठरतं.

‘फेदर करणं’ला एक शब्द शोधत बसू नये, ‘कडेचा उजेड देणं’ पुरे. बॉक्सचं तोंड चेहऱ्यावर न रोखता चेहऱ्याच्या पुढून जाईल असं वळवायचं. जवळच्या गालाचा भडकपणा उतरतो. बॉक्सच्या तोंडावर जाळी (उजेड बाजूंना जाऊ न देणारी चौकटींची पट्टी) लावलेली असेल तर फार वळवू नका, चेहरा एकदम अंधारात जातो. आणि जाळीने प्रकाश मऊ होत नाही, फक्त इकडेतिकडे सांडत नाही.

प्रश्नकर्ता : आभार. ‘मऊ’च ठेवतो. पण काही जण ‘मऊ’चा अर्थ ‘सपाट’ घेतात, त्याचं काय?

पहिला प्रतिसाद : ते वेगळं लिहाच. मऊपणा बॉक्सच्या दिसणाऱ्या आकारावर, सपाटपणा दिशेवर. मोठा बॉक्स कॅमेऱ्याला चिकटून ठेवला तर प्रकाश मऊही आणि सपाटही. तोच ४५ अंश बाजूला, मध्यबिंदू डोळ्यांच्या थोडा वर ठेवला की गालाला उठाव येतो आणि कड मऊच राहते. दुसरी बाजू फार काळी पडली तर तिकडे थर्माकोलची पांढरी शीट धरा, पॉवर वाढवू नका. वाढवली तर दोन्ही बाजू सारख्याच उजळतात, फरक तेवढाच राहतो.