१४ महिन्यांच्या मुलीला घेऊन पाळोळेला: खोपीत काय काय बघून घ्यावं?

आबोली: फोंड्याहून दोन रात्रींसाठी पाळोळेला जातोय, किनाऱ्यावरच्या लाकडी खोपीत. मुलगी १४ महिन्यांची. धरून धरून चालते, हाताला लागेल ते तोंडात घालते. जायला आपली गाडी आहे, पण तिथे फिरायला स्कूटर भाड्याने घेऊ असं घरचे म्हणताहेत. मला समुद्राचीच जास्त धास्ती वाटते. सोबत काय न्यावं?

घुमट: ताई, समुद्रावर सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात. घात होतो तो खोपीत, सामान लावायच्या गडबडीत. पिशव्या उघडण्याआधी एकाने तिला कडेवर घ्यावं आणि दुसऱ्याने गुडघे टेकून तिच्या उंचीवरून खोली बघावी.

तिथल्या बऱ्याच खोपी खांबांवर उभ्या असतात. कठडा आडव्या बांबूंचा असला तर ती पोराला आयती शिडी. दोन बांबूंमधली फट १० सेंमीहून मोठी असेल तर अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं. नायलॉनची जाळी आणि सुतळी न्या. जाळी आतल्या बाजूने, अगदी फळ्यांपासून वर ताणून बांधा. पायरीवर बॅग आडवी ठेवून भागत नाही, पोर ती ढकलतं. दाराची वरची कडी लावलेलीच हवी.

न्हाणीघरातली बादली वापरून झाली की लगेच रिकामी करून पालथी घाला. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकलं की तोल पुढे जातो आणि स्वतःला वर ओढता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज काहीच होत नाही.

समुद्रावर लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच थांबा. उत्तरेच्या टोकाला ओढा समुद्राला मिळतो, तिथे ओहोटीला ओढ असते, तिकडे नको. हवेच्या रिंगवर विसंबू नका, मूल हाताच्या अंतरात हवं. लक्ष ठेवणारा एकच ठरवा, आणि पाळी बदलताना 'आता तू बघ' असं तोंडाने सांगा.

झुआरी: स्कूटरचं मनातून काढून टाका. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट, आणि वेग ४० किमीच्या आत हवा. भाड्याच्या स्कूटरबरोबर एवढं लहान हेल्मेट मिळणं कठीण, आणि सैल हेल्मेट काही कामाचं नाही.

गाडीत कारसीट मागच्या सीटवर, तोंड मागे करून. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल तर तो सैल आहे, अजून ओढा. पट्टा ओवलेल्या जागी सीट धरून हलवा, अडीच सेंमीहून जास्त हलता कामा नये. करमल घाटात वळणांनी ओकारी आली म्हणून मांडीवर घेऊ नका. गाडी थांबवा, मग काढा. पोटभर दूध घाटाच्या बरंच आधी पाजा.

माडाची_सावली: काजू! गोव्यात कुणीही प्रेमाने मुलाच्या हातात अख्खा काजू ठेवतं. पाच वर्षांपर्यंत फक्त पूड द्या. घास अडकून आवाज बंद झाला तर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. एक वर्षावरच्या मुलाला मग बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वर. निघेपर्यंत आलटून पालटून, दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा.

ओआरएसची पाकिटं न्या, फळांच्या चवीची गोड पेयं नकोत. दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. कालवलेलं २४ तासांनी टाकून द्या.

आबोली: खूप आभार, स्कूटर रद्द. रात्री डासांचं लिक्विडचं मशीन चालेल ना?

माडाची_सावली: मच्छरदाणी बरी, कडा गादीखाली घट्ट खोचून. मशीन लावलंच तर तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, आणि जादा बाटली बॅगेत नव्हे, गाडीत. त्यात केरोसीनसारखा द्राव असतो. चुकून प्यायलीच तर उलटी करवू नका, कारण तो फुप्फुसात उतरतो. बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.