बहिणीचं लग्न, 8 लाखात बसवायचंय, वडील ग्रॅच्युइटीची एफडी मोडायला निघालेत - सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढायचं चाललंय. आम्ही कराड तालुक्यातले, मुलगा पुण्यात नोकरीला, त्यांचं गाव वाळव्याकडं. वडील एसटीत कंडक्टर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. वडिलांचे 5 लाख आणि माझे साठवलेले 3 असे 8 लाख आहेत, दागिन्यांचं वेगळं, आईनं दरवर्षी थोडं थोडं करून 4 तोळे केलेत.

आता अडचण अशी की आईच्या वहीत 240 घरं आहेत. भावकी, आईचं माहेर, आत्यांची सासरं, वडिलांचा सगळा डेपो. घरटी चार धरले तरी 960 आणि मुलाकडची 150, म्हणजे 1100 च्या वर. हॉलमधला केटरर 280 रुपये ताट म्हणतोय, नुसत्या जेवणालाच 3 लाख जातात आणि अजून हॉल, मंडप, बस्ता, फेटे, हळद, बँड, फोटोवाला सगळं बाकीच. वडील म्हणतात कमी पडलं तर ग्रॅच्युइटीची एफडी मोडू, एकुलती एक लेक आहे. पण ती एफडी म्हणजे त्यांच्या म्हातारपणाचा आधार, दुसरं काही नाही त्यांच्याकडं, ईपीएसची (पीएफबरोबरची) पेन्शन किती तुटपुंजी येते ते एसटीवाल्यांना माहितीच आहे. मुलाकडची माणसं चांगली आहेत, त्यांनी स्वतःहून अर्धा खर्च आम्ही करतो असं सांगितलं तर वडील रात्रभर झोपले नाहीत, म्हणे मुलीच्या बापानं पैसे घ्यायचे का. कुठं कापू आणि वडिलांना कसं समजावू, दोन्ही सांगा. ज्यांनी स्वतः लग्न उरकलंय त्यांनी जरूर लिहा.

आचाऱ्याचा पुतण्या
भावा, आधी हॉल बघू नको, आधी आईची वही घेऊन बस. माझे चुलते तीस वर्षं आचारी होते आणि मीही लगीनसराईत त्यांच्याबरोबर फिरलोय, लग्नाचा खर्च माणसावर चालतो, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं. हॉल किती मोठा, मंडप किती, खुर्च्या किती, पाण्याचे जार किती, सगळं डोक्याच्या हिशोबानं.

आपल्याकडं जुनी पद्धत आहे ती वापर. चूलबंद आणि घरटी एक. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही, सगळे जेवायला तुमच्याकडं. घरटी एक म्हणजे घरातला एक माणूस अक्षता टाकायला येणार. लोकांना यात अपमान वाटत नाही, हे आजोबांपासून चालत आलंय, आपण मधल्या काळात पत्रिका छापून सगळ्यांनाच सहकुटुंब सहपरिवार करून ठेवलं त्यामुळं गणित बिघडलं. तुझ्या 240 तली सख्खी, मामाकडची, आत्यांची अशी 60 घरं चूलबंद काढ, चार धरले तर 240 माणसं. उरली 180, त्यांना घरटी एक. एक म्हटलं तरी कुणी पोराला आणतं कुणी बायकोला, म्हणून दीड धर, 270 झाले. मुलाकडचे 150. सगळे मिळून 660. म्हणजे 450 ताटं कमी झाली, 280 नं सव्वा लाखाच्या वर वाचले आणि एकही घर गाळलं नाहीस. डेपोवाल्यांना पत्रिका डेपोत एक लाव, जवळच्या दहाबारा जणांना घरी जाऊन सांग.

आता केटररशी बोलायचं. 660 येतील असं वाटलं तरी ताटं 550 चीच ठरव आणि वर शंभरेक निघाली तर त्याच भावात देशील का ते लिहून घे. उलटं केलंस, म्हणजे 700 सांगितली आणि 580 च जेवली, तर 120 ताटांचे पैसे गेलेच. ताटं मोजायला घरचा माणूस उभा कर, जेवण सुरू व्हायच्या आधी गठ्ठे मोजायचे आणि संपल्यावर उरलेली मोजायची, हे काम मामा मंडळी चांगलं करतात. मेनू कमी ठेव पण भरपूर ठेव. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, एक रस्सा भाजी, कोशिंबीर, गरम जिलेबी, मठ्ठा. जिलेबी कढईतनं समोर आली की माणूस खूश होतो. ते चाट काउंटर, पास्ता, तीन प्रकारची आइस्क्रीमं, ह्यानं भाव 280 चा 400 होतो आणि अर्धं टाकून जातात, मी स्वतः ती भांडी रिकामी केलीत, जीव तुटतो.

हॉलवाल्याला विचारायच्या गोष्टी: भाव जीएसटी धरून की सोडून (हॉलच्या भाड्यावर 18 टक्के लागतो, शेवटी कळलं तर डोकं फिरतं), लाइट युनिटवर की ठोक, जनरेटरचं डिझेल कुणाचं, बाहेरचा मंडपवाला आणला तर वेगळे पैसे घेणार का, आदल्या दिवशी किती वाजता ताबा. आणि हळद तिथंच असेल तर रात्री 10 ला स्पीकर बंद, कायदाच आहे, त्यामुळं डीजेला पहाटेपर्यंतचे पैसे देऊ नको.

मिरजेची काकू
बाळा तुझं वाचून आमच्या व्याह्यांची आठवण आली. मी मुलाची आई. आम्हीपण अर्धा खर्च करतो म्हणालो होतो आणि ते असेच गप्प झाले होते, दोन दिवस फोन उचलला नाही. मग माझ्या नणंदेनं सुचवलं की पैसे देतो असं म्हणूच नका, कामं वाटून घ्या. याद्या (कुणी काय करायचं ते ठरवून लिहायच्या) करायला बसलो तेव्हा कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात ना, त्याच कागदावर लिहिलं, नवरदेवाकडच्या माणसांचं जेवण, वरात, बँड, भटजींची दक्षिणा, फोटो ही आमची बाजू. लग्नाचा हॉल, मुलीकडचं जेवण, रुखवत त्यांची बाजू. आम्ही आमचं बिल परस्पर केटररला दिलं, त्यांच्या हातात एक रुपया ठेवला नाही. त्यांना कमीपणा वाटला नाही आणि आमचाही जीव शांत झाला. तुझ्या होणाऱ्या व्याह्यांना तू किंवा तुझे मामा असं जाऊन सांगा, वडिलांसमोर पैशाचा आकडा काढू नका.

आणि एक मागते, मानपानाच्या साड्या बंद करा. दोन्हीकडनं चाळीस चाळीस साड्या घेतल्या जातात, कुणी नेसत नाही, पिशवीसकट पुढच्या लग्नात फिरतात. आम्ही ठरवलं, फक्त दोन्ही आयांना, आज्यांना आणि करवल्यांना चांगली साडी, बाकी कुणाला नाही, आणि हे दोन्ही घरांनी एकाच दिवशी आपापल्या लोकांना सांगितलं. एकट्यानं सांगितलं तर नावं ठेवतात, दोघांनी सांगितलं की गप्प बसतात. पहिले आठ दिवस माझ्या थोरल्या जावेनं अबोला धरला होता, नंतर तिच्याच मुलाच्या लग्नात तिनं तेच केलं.

सोनं_चांदी_नाद
दागिन्यांबद्दल थोडं. आईचे 4 तोळे कशात आहेत? वेढणी, नाणी की घातलेले दागिने? जुनं मोडून नवं करणार असाल तर दोन ठिकाणी दाखवा, घट किती धरतात आणि मजुरी किती टक्के लावतात हे दुकानागणिक वेगळं असतं, नुसता आजचा भाव विचारून उपयोग नाही. नक्षीकामाला मजुरी जास्त. मंगळसूत्र आणि बांगड्या साध्या घ्या, त्या रोज वापरल्या जातात. दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नंबर (हॉलमार्कचा ओळख नंबर) असतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथंच दुकानात बघा, लाजू नका. बिल पक्कंच घ्या, 3 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं सोनं पुढं विकताना त्रास देतं. आणि तोळा म्हणजे दुकानात 10 ग्रॅम, आईच्या डोक्यातला जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर असतो, तो फरक आधीच बोलून घ्या, आमच्याकडं यावरनं आजी दुकानदाराशी भांडल्या होत्या.

तासगावचा
एफडी मोडू देऊ नको. बाकी सगळ्यांनी बरोबर सांगितलंय. माझ्या वडिलांनी माझ्या ताईच्या लग्नात मोडली होती, सहा वर्षांनी त्यांच्या बायपासला आम्ही नातेवाइकांकडं हात पसरला. लग्नात जेवलेल्यांपैकी दोघं आले, त्यांचे उपकार विसरणार नाही, पण वडिलांची मान खाली गेलेली मी बघितली.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काकू तुमचं आईला वाचून दाखवलं, ती रडली. रविवारी मामा आले होते त्यांना घेऊन वडिलांजवळ बसलो. एफडीचा विषय मी काढलाच नाही, वही काढली. चूलबंद म्हटल्यावर वडील एकदम बोलायला लागले, कुणाच्या लग्नात कुणी आपल्याला चूलबंद सांगितलं होतं ते त्यांना तीस वर्षांपूर्वीपासनं पाठ आहे, स्वतःच पेन घेऊन खुणा करायला बसले. 60 च्या जागी 74 घरं झाली, ती काही कमी होणार नाहीत. मामा पुढच्या आठवड्यात वाळव्याला जाऊन याद्यांचं बोलतील, बँड आणि त्यांच्याकडचं जेवण त्यांची बाजू असं सुचवणार आहेत. साड्यांचं आत्या ऐकत नाहीयेत अजून. बहीण म्हणते मला पैठणी नको, साधा शालू चालेल, पण तिला पैठणी आवडते हे मला माहिती आहे, म्हणून फेटे कमी करतोय आणि ती घेणार.

परवा हॉल बघायला जातोय. लाइट युनिटवरच आहे म्हणाले. मीटरचं रीडिंग आमच्यातल्या कुणी लिहायचं की त्यांचा माणूस लिहितो?

आचाऱ्याचा पुतण्या
दोघांनी मिळून बघायचं, ताबा घेताना एकदा आणि चावी देताना एकदा, दोन्ही वेळा मोबाईलवर फोटो काढ. आणि 74 घरांनी 35 माणसं वाढली, केटररला 550 नको सांगू, 580 सांग.