काँग्रेस खरंच सावरतेय, की नुसती धुगधुगी आहे?

बूथनिहाय (धागाकर्ता)
लोकसभेत २०१४ ला ४४, २०१९ ला ५२, २०२४ ला ९९. पण पक्ष सावरतोय असं मी म्हणतो ते या आकड्यांवरून नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी खरोखर मतदान झालं: खर्गे ७८९७, थरूर १०७२. २०२५ मध्ये गुजरातपासून जिल्हाध्यक्ष निवडायची पद्धत बदलली. निरीक्षक जिल्ह्यात जाऊन कार्यकर्त्यांशी बोलतात, मग नावं दिल्लीला जातात. थेट वरून नाव लादण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जिल्हाध्यक्ष कामाचा निघाला तर खालचे तालुके हलतात.

आकडेमोड
नावं खालून गेली तरी शिक्का दिल्लीचाच ना? महाराष्ट्र बघा. २०२४ च्या लोकसभेला १७ लढवून १३ आल्या. सहा महिन्यांत विधानसभेला शंभरावर लढवून फक्त १६. संघटना उभी असती तर एवढी घसरण झाली नसती. लोकसभेची मतं आघाडीची आणि नाराजीची होती. मे २०२२ च्या उदयपूर शिबिरात 'एका कुटुंबाला एकच तिकीट' ठरलं आणि तिथेच पळवाटही ठेवली: घरातल्या दुसऱ्याने पाच वर्षं पक्षाचं काम केलं असेल तर चालेल. याला नवी सुरुवात म्हणायचं?

मतदारयादी
पळवाटेबद्दल सहमत. पण संघटना नसली की काय होतं ते हरियाणात दिसलं. २०२४ च्या विधानसभेला भाजप ३९.९४ टक्के, काँग्रेस ३९.०९, जागा मात्र ४८ आणि ३७. तिथे दहा वर्षांहून जास्त काळ जिल्हाध्यक्षच नव्हते, ते नेमले ऑगस्ट २०२५ मध्ये. अशा अटीतटीच्या लढतीत बूथवरचा माणूस, म्हणजे मतदान केंद्रावरचा पक्षाचा प्रतिनिधी, लागतो.

तो करतो काय? मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप (यंत्र तपासायचं चाचणी) मतदान होतं, किमान ५० मतांचं. त्याला हजर राहायचं आणि त्यानंतर ती मतं यंत्रातून पुसली गेली का ते बघायचं. संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या सहीची नमुना १७-सी ची, म्हणजे त्या केंद्रावर पडलेल्या मतांच्या नोंदीची, प्रत घ्यायची. मोजणीला त्यावरचा यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं टेबलावर पडताळायची. प्रतिनिधी दुपारीच उठून गेला तर ती प्रत हाती येत नाही, मग तक्रार करायची कशाच्या जोरावर? त्याही आधीचं काम म्हणजे यादी: नवं नाव नमुना ६, यादीतल्या नावाला हरकत किंवा ते वगळायला ७, दुरुस्ती ८. हे काम वर्षभर चालतं, सभेसारखं एका दिवसात उरकत नाही.

आकडेमोड
मग बिहारचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारयादीच्याच प्रश्नावर तिथे यात्रा काढली, गर्दीही झाली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ६१ लढवून ६ आल्या. यादीचं महत्त्व कळूनही बूथवर काही उतरलं नाही.

बूथनिहाय
यात्रेने बूथ उभे राहत नाहीत, हे मान्यच. म्हणूनच मी जिल्हाध्यक्षावर अडून बसलोय. एप्रिल २०२५ च्या अहमदाबाद अधिवेशनाच्या वेळी उमेदवार ठरवताना जिल्हाध्यक्षाचं म्हणणं ऐकायची भाषा झाली. पुढच्या तिकीटवाटपात त्याने सुचवलेलं नाव डावलून आदल्या रात्री पक्षात आलेल्याला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र) मिळाला, तर मी तुमच्या बाजूला येईन.

आकडेमोड
आणि नाही मिळाला तर मी तुमच्या. पण एका जिल्ह्यात नव्हे, किमान एका अख्ख्या राज्यात.