दोन इंटरफेस, पण मर्यादा एकच हवी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत १०० एमबीपीएसची लाइन आहे, म्हणून केबलला ५० आणि वायफायला ५० अशी कायमची वाटणी करा, असं इथे एकाने सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. सकाळी केबलवर कुणीच नसताना वायफायवरच्या मुलांनी अर्ध्या वेगात का बसायचं?

लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये क्यूडिस्क (पॅकेट्सची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग सांभाळणारी यंत्रणा) ज्या त्या इंटरफेसला, म्हणजे केबलच्या किंवा वायफायच्या जोडणीला, चिकटलेली असते, दुसऱ्याचं तिला काही कळत नाही. त्यामुळे दोन्हींवरून मुलांकडे बाहेर पडणारी पॅकेट्स 'मिरेड' (पॅकेट्स दुसरीकडे वळवणारी लिनक्समधली सोय) वापरून एकाच आयएफबीकडे, म्हणजे एका आभासी इंटरफेसकडे, वळवा आणि एचटीबी (वेगाची गटवार वाटणी करणारी क्यूडिस्क) तिथे लावा. मूळ क्लासचा (गटाचा) रेट, म्हणजे हमीचा वेग, ९० एमबीपीएस; खाली केबल आणि वायफायचे दोन क्लास, प्रत्येकाचा रेट ४५ पण सील (ceil, कमाल वेग) ९०. म्हणजे गर्दीत ४५ ची हमी, एरवी शेजाऱ्याचं उरलेलं उसनं घेता येतं. १०० ऐवजी ९० मुद्दामच, कारण रांग आपल्या राउटरवर लागली तरच तिच्यावर आपला ताबा राहतो. प्रत्येक क्लासखाली एफक्यू-कोडेल (प्रत्येक जोडणीला पाळीपाळीने वाव देणारी आणि रांग लांबू न देणारी क्यूडिस्क) हवंच, नाहीतर एकाच्या डाउनलोडपायी बाकीच्यांचे ऑनलाइन तास अडखळतील.

हे वळवणं वॅनच्या इनग्रेसवर, म्हणजे इंटरनेटकडून पॅकेट्स राउटरमध्ये शिरतात तिथे, मात्र करू नका. तिथे नॅट (आतल्या सगळ्यांना बाहेर राउटरचा एकच पत्ता देणारी अदलाबदल) उलटायचं बाकी असतं, सगळ्या पॅकेट्सवर राउटरचाच पत्ता दिसतो, आणि सबनेटनुसार (केबल आणि वायफायच्या पत्त्यांच्या गटांनुसार) क्लास ठरवायला लावलेले फिल्टर निकामी ठरतात.