'एलिगंट' बाईला मराठीत काय म्हणाल?

रेघोट्या : जुन्या जाहिरातचित्रांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकलेय. चेक चित्रकार आल्फॉन्स मुखा याने १८९६ साली 'जॉब' या सिगारेट वळायच्या कागदासाठी केलेलं, एका बाईचं पोस्टर. अर्धवट मिटलेले डोळे, बोटांत पेटती सिगारेट, केसांची वळणं पार चौकटीपर्यंत गेलेली. मूळ लेखात ती 'एलिगंट'. मी 'घरंदाज' लिहिलं, संपादकांनी काट मारली. काय चुकलं?

कानामात्रा : काट योग्यच. त्या काळी पॅरिसातली घरंदाज बाई चारचौघांत सिगारेट ओढत नसे. घरंदाज म्हटलं की कुळ आलं, मर्यादा आली. 'डौलदार' लिहा.

रेघोट्या : डौल तर होडीलाही असतो. त्यात प्रतिष्ठा कुठे आली? जाहिरात तीच तर विकत होती!

बोरूबहाद्दर : 'अभिजात' घ्या. नजाकत, रुबाब ही फारसीकडची उसनवारी कशाला?

कानामात्रा : अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. फिरून घरंदाजपाशीच आलो. आणि नजाकत उसनी कशी? माझी आजी भरतकामाचा टाका बघूनसुद्धा 'काय नजाकत आहे गं' म्हणायची.

पानगळ : मूळ लॅटिन शब्दात 'निवडणे' आहे. म्हणून मला 'चोखंदळ' जवळचा वाटतो. कुळ नसलं तरी पारख असतेच की.

रेघोट्या : पण चोखंदळ गिऱ्हाईक असतं. चित्रातल्या बाईला ते कसं लावू? 'रुबाबदार' चालेल?

पानगळ : नाही हो. रुबाबाच्या मुळाशी अरबी 'धाक' आहे. कासांद्र या पोस्टरकाराने १९३५ साली 'नॉर्मंडी' जहाजाचं पोस्टर केलं, त्याला रुबाब म्हणा : समोरून अंगावर येणारं जहाजाचं काळं पुढचं टोक, तळाशी ठिपक्यांएवढे पक्षी. मुखाची बाई कुणाला धाक घालत नाही, ती स्वतःतच रमलीय.

बोरूबहाद्दर : मुळात 'पोस्टर' का? भित्तिपत्रक म्हणा.

कानामात्रा : भित्तिपत्रक वाचायचं असतं. इथे तर बाईच्या डोक्याआड 'जॉब'मधलं अक्षर झाकलं गेलंय, तरी चित्रकाराने ते तसंच ठेवलं.

बोरूबहाद्दर : मग 'शिळाछाप चित्र'. दगडावर काढायचं, रंगागणिक दगड वेगळा. नेमका शब्द आहे.

पानगळ : शिळाछाप म्हटलं की मला पोथीच दिसते.

बोरूबहाद्दर : पोथी दिसली तर बिघडलं कुठे? तंत्र तेच आहे!