एलडीएल १९६ आणि कॉफीतले तूप: काळजी करावी की नाही?

अभिजित, कोल्हापूर

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. कर्बोदके कमी केल्यावर एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) वाढले, म्हणून घाबरून पुन्हा भात-पोळीकडे वळणे मला पटत नाही, आणि लगेच कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करणे तर त्याहून पटत नाही. माझे वय ४७ आहे. नऊ महिन्यांपूर्वी वजन ८२ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३०, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८ आणि एलडीएल १३० होते. त्यानंतर भात, पोळी, भाकरी आणि साखरेचा चहा पूर्ण बंद केला. सकाळी दोन मोठे चमचे साजूक तूप घातलेली काळी कॉफी आणि लोण्यात केलेले तीन अंड्यांचे ऑम्लेट, दुपारी दोनशे ग्रॅम पनीर आणि पालेभाजी, रात्री सुके मटण किंवा चिकन, असा माझा आहार आहे. रविवारी वाटीभर पांढरा रस्सा असतो, तोही भाकरीविना, आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ चेष्टा होते.

आज वजन ७१ किलो, एचबीए१सी ५.५, ट्रायग्लिसराइड्स ८५ आणि एचडीएल ५२ आहे. एलडीएल मात्र १९६ झाले. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर ५.६ वरून ५.१ वर आले, म्हणजे तेही सुधारलेच. इतके सगळे चांगले घडलेले असताना एका आकड्याखाली लाल रेघ ओढून डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी लिहिली. हा घाईचा निर्णय आहे असे मला वाटते. आपणांस काय वाटते?

सुहास, पुणे

आपल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. तीन वर्षे मी याच आहारावर आहे. मुळात आपल्याकडील बऱ्याच अहवालांत एलडीएल मोजलेले नसते, ते सूत्राने काढलेले असते. दुसरे म्हणजे, शरीर इंधन म्हणून चरबी वापरू लागले की तिची वाहतूक वाढते, आणि एलडीएल हा त्या वाहतुकीचाच भाग आहे. व्हर्टा हेल्थ या अमेरिकी कंपनीच्या, कर्बोदके कमी केलेल्या मधुमेहींवरील अभ्यासात वर्षभराने एलडीएल सुमारे १० टक्के वाढले, पण कणांची संख्या दाखवणारे एपीओ-बी वाढले नाही. निक नॉरविट्झ या संशोधकाचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वतःवरील प्रयोग तर सर्वांना ठाऊक आहे. कीटो (जवळपास कर्बोदकांविना) आहारात रोज बारा ओरिओ बिस्किटे घातल्यावर त्यांचे एलडीएल सोळा दिवसांत ३८४ वरून १११ वर आले. बिस्किटांनी उतरणाऱ्या आकड्याला घाबरायचे तरी किती?

विनायक, ठाणे

मी २६ वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, त्यामुळे सूत्राचा मुद्दा आधी घेतो. फ्रीडवाल्ड यांचे १९७२ चे सूत्र अगदी साधे आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करायचा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या पुढे गेली की ते कोलमडते आणि फार कमी असतानाही थोडे चुकते, पण त्या चुकीने १३० चे १९६ होत नाहीत.

आता गुणोत्तराचे पाहू. अभिजितराव, आपण सगळे आकडे दिले, पण त्यांच्याच पोटातला एक सांगायचा राहिला. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर जे उरते, त्यात धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण येतात. आपला हा आकडा पूर्वी १७६ होता आणि आता २१३ आहे. गुणोत्तर सुधारले ते एचडीएल वाढल्यामुळे. धोकादायक कोलेस्टेरॉल कमी झालेले नाही. सुहासरावांनी दिलेल्या अभ्यासात वाढ १० टक्के होती, आपली ५० टक्के आहे. तेव्हा त्या अभ्यासाचा दिलासा आपल्याला परस्पर लागू होत नाही.

बिस्किटांच्या प्रयोगातून एवढेच कळते की ही वाढ आहारामुळे होते आणि उलटवता येते. ती निरुपद्रवी आहे, हे त्यातून कुठे सिद्ध झाले?

सुहास, पुणे

विनायकराव, पण कर्बोदके सोडल्यावर एलडीएल खूप वाढणाऱ्या लोकांसाठी स्वतंत्र वर्गच सांगितलेला आहे. अंगाने सडपातळ, एलडीएल २०० च्या वर, एचडीएल ८० च्या वर आणि ट्रायग्लिसराइड्स ७० च्या खाली. अशा किंवा याच्या जवळपासच्या शंभर जणांच्या धमन्यांचे वर्षभराच्या अंतराने स्कॅन केले गेले आणि २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एलडीएल किती, यावर प्लाकची (धमनीत साचणाऱ्या थराची) वाढ ठरत नाही, असे त्यात दिसले.

विनायक, ठाणे

त्याच अभ्यासावर तज्ज्ञांनी घेतलेला आक्षेपही सांगायला हवा होता. त्या शंभर जणांमध्ये एकंदर प्लाक वाढलाच, आणि तुलनेसाठी वेगळा आहार घेणारा गट नव्हता. सगळ्यांचेच एलडीएल अतिशय जास्त असेल, तर त्यातल्या कमी-अधिकाचा परिणाम दिसणार कसा? शिवाय एचडीएल ५२ आणि ट्रायग्लिसराइड्स ८५ असलेले अभिजितराव त्या वर्गात बसतच नाहीत.

ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल मिळाले, ते ज्या आजाराच्या अभ्यासातून, तो वारशाने एलडीएल वाढवणारा आजार आठवा. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलांचे एलडीएल जन्मापासूनच बहुधा ५०० च्या पुढे असते आणि उपचार नसतील तर शाळकरी वयातही त्यांना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्या मुलांना ना मधुमेह असतो, ना तंबाखूचे व्यसन.

मेधा, नाशिक

आपण दोघेही आकड्यांत इतके रमलात की ताट बाजूलाच राहिले. अभिजितदादा, तुमचे ताट मी मोजून पाहिले. कॉफीतल्या तुपातून सुमारे १७ ग्रॅम संपृक्त चरबी (एलडीएल वाढवणारी), लोण्यातून ७, पनीरमधून पंचवीसच्या आसपास. मटण आणि पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूध न धरताच बेरीज पन्नाशीला टेकते. दोन हजार कॅलरींच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेने ती साधारण २२ ग्रॅमच्या आत असावी. कर्बोदके सोडण्याचा आणि तूप पिण्याचा काय संबंध आहे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

विनायककाकांनाही एक सांगते. पूर्वीच्या ताटाकडे परत जा, असा अर्थ कोणी काढू नये. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार आपण भारतीय ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो, आणि त्यातला बराच वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा असतो. माझे स्वतःचे एलडीएल याच आहाराने १७१ झाले होते. मी भात सुरू केला नाही. तुपाच्या जागी शेंगदाण्याचे तेल आणले, पनीर आठवड्यातून दोनदा ठेवले, मोडाची मटकी, मूठभर बदाम आणि रात्री चमचाभर इसबगोल सुरू केले, दुपारी ज्वारीची अर्धी भाकरी घेतली. तीन महिन्यांनी एलडीएल १२६ आले आणि साखर जागेवर राहिली. सर्वांचे असेच होईल असे मी म्हणत नाही, पण गोळी घ्यावी की नाही या वादात पडण्याआधी हा बदल करून पाहता आला असता.

विनायक, ठाणे

मेधाताईंचे म्हणणे मान्य. फक्त भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण माणसासाठीही एलडीएल १०० च्या खाली सांगितले आहे, हे ध्यानात असू द्यावे. अभिजितराव, थायरॉइडची टीएसएच, एपीओ-बी आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा आनुवंशिक धोका दाखवणारी) ही चाचणी झाली आहे का? आणि घरात कोणाला हृदयविकार आहे का?

अभिजित, कोल्हापूर

तिन्ही चाचण्या झालेल्या नाहीत. मेधाताई, कॉफीतले तूप उद्यापासून बंद करतो. ते मी एका व्हिडिओवरून सुरू केले होते, भूक लागत नाही म्हणून. भाकरीचे मात्र अजून मन होत नाही, मटकीपासून सुरुवात करीन. रविवारचा पांढरा रस्सा सोडणे जमेल, असे खोटे लिहीत नाही.

घरातले विचारलेत म्हणून सांगतो. वडिलांची बायपास ५२ व्या वर्षी झाली. ते अंगाने सडसडीत होते आणि त्यांना मधुमेह नव्हता.

विनायक, ठाणे

अहो, ही माहिती आपल्या पहिल्या ओळीत यायला हवी होती. तूप बंद कराच, पण तीन महिने वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. लायपोप्रोटीन-ए वारशानेच येते आणि त्या चाचणीला उपाशीपोटी जावे लागत नाही.

सुहास, पुणे

अभिजितराव, बायपासचे मला ठाऊक असते, तर मी वर तसे लिहिले नसते.